शेडेड लोकरीची दुरंगी टोपी : रंग निवडण्यापासून शेंडा मिटेपर्यंत

ठाण्यात लोकरीची टोपी विणायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: घालणार कोण? जानेवारीत येऊरला पहाटे फिरायला जाणारे चार लोक सोडले तर इथे कानटोपीची गरज कुणाला नसते. पण या टोप्या ठाण्यात विणल्या तरी ठाण्यात राहत नाहीत. कुणी स्पितीला निघालेलं असतं, कुणी केदारनाथला, कुणाची मुलगी जर्मनीत शिकत असते, कुणी डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणार असतं. शिवाय टोपी लहान असते. स्वेटर मांडीवर घेऊन मे महिन्यात बसवत नाही, टोपी घेऊन बसता येतं.

इथे सांगते ती टोपी दोन धाग्यांची आहे. एक धागा साध्या एकाच रंगाचा, दुसरा शेडेड, म्हणजे स्वतःच हळूहळू रंग बदलत जाणारा. प्रत्येक फेरीत दोन्ही धागे सोबत चालतात. जो रंग पुढे दिसायला हवा त्याचा टाका घ्यायचा, दुसरा धागा मागून न्यायचा. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची, फेअर आइल या नावाने ओळखली जाणारी वीण याच पद्धतीची. तिथे एका फेरीत दोनच रंग असतात, पण दर काही फेऱ्यांनी धागे बदलून बरेच रंग आणतात. आपण ते बदलणं शेडेड लोकरीवर सोपवतो. टोपी सात-आठ रंगांची दिसते, आणि आत खोचायची टोकं मोजून चार-पाच.

ही सोय फुकट मिळत नाही. या टोपीचं यश विणण्यात जेवढं आहे त्याहून जास्त रंग निवडण्यात आहे, म्हणून तिथे जरा जास्त वेळ घालवू.

दुकानात काय बघायचं

शेडेड म्हणून विकल्या जाणाऱ्या लोकरी दोन जातीच्या. एकीत रंग दर बोटभर, चार बोटांवर बदलतो. दुसरीत एक रंग काही मीटर चालतो, मग पुढच्यात विरघळत जातो. आपल्याला दुसरी हवी. पहिलीने विणलं तर एकाच नक्षीत तीन-चार रंगांचे ठिपके पडतात आणि नक्षी हरवते. त्या लोकरी साध्या सुलट विणीत छान दिसतात, त्यांना तिथेच राहू द्यावं.

ओळखायची खूण सोपी आहे. गुंडा हातात घ्या आणि धाग्याचा एक वेढा डोळ्यांनी फिरवून बघा. एकाच वेढ्यात तीन रंग दिसले तर ती छोट्या टप्प्याची लोकर. शेजारशेजारचे बरेच वेढे एकाच रंगाचे असून गुंड्यावर रुंद पट्टे दिसत असतील तर ती लांब टप्प्याची. लांब टप्प्यासाठी जपानच्या नोरो कंपनीचं नाव विणणाऱ्या जगभर घेतात. पण त्यासाठी परदेशातून मागवायलाच हवं असं नाही. लुधियानाच्या गिरण्यांच्या लोकरीतही शेडेड प्रकार असतात, फक्त वेढा बघून घ्यावा. ऑनलाइन घेणार असाल तर गुंड्याचा फोटो पुरत नाही, त्या लोकरीने विणलेल्या तुकड्याचा फोटो शोधा.

टप्पा किती लांब हवा? खाली दिलेल्या नक्षीत एका फेरीला शेडेड धागा साधारण एक मीटर लागतो. नक्षीतल्या एका चौकोनाचा मुख्य भाग, टोकांचे टाके सोडून, तीन फेऱ्यांत भरतो. म्हणजे एक रंग किमान तीन-चार मीटर चालला तर चौकोन एकसंध दिसेल. पाच-सहा मीटरचा असेल तर उत्तमच.

उजेड-अंधाराचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. दोन रंग वेगळे आहेत म्हणून ते एकमेकांवर उठून दिसतीलच असं नाही. लाल आणि हिरवा रंग हातात घेतले तर केवढे वेगळे वाटतात, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर चार हातांवरून नक्षी ओळखू येत नाही, नुसता गढूळ पट्टा दिसतो. नक्षी उठते ती एक धागा फिका आणि दुसरा गडद असल्यामुळे.

साध्या दोन रंगांच्या टोपीत हे एकदा तपासलं की झालं. शेडेडमध्ये एक धागा चालतचालत बदलतो, त्यामुळे प्रश्न असा होतो: साधा रंग त्या सगळ्या छटांपासून लांब आहे का? समजा तुमची लोकर हळदी, केशरी, डाळिंबी, आमसुली अशी जाते. सोबत मोतिया घेतलात तर आमसुली झकास उठेल आणि हळदी त्यात बुडून जाईल. काळा घेतलात तर उलटं, हळदी लखलखेल आणि आमसुली दिसणार नाही. राखाडी घेतलात तर मधले केशरी-डाळिंबीच गायब व्हायचे. दुकानात बहुतेक जणी मधलाच रंग उचलतात, कारण तो सगळ्यांशी 'जातो'. साडी-ब्लाउजला ते शहाणपण चालतं, इथे नको. इथे साधा रंग टोकाचा हवा: शेडेडमधल्या सर्वांत गडद छटेहून गडद, नाहीतर सर्वांत फिक्या छटेहून फिका. आणि तोच रंग शेडेडमध्ये कुठेही नको. मोरपंखी, चिंतामणी, जांभळा अशी सगळीच मध्यम-गडद छटा असलेली लोकर मिळाली तर मोतियासोबत डोळे मिटून घ्यावी. नवशिक्यांना मी हीच जोडी सुचवते.

तपासायला मोबाइल पुरे. दोन्ही गुंडे उजेडात शेजारी ठेवा, शेडेडच्या जितक्या छटा दिसतात तितक्या वर येऊ द्या, फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. प्रत्येक छटा साध्या रंगापेक्षा स्पष्ट वेगळी करडी दिसली तर जोडी जमली. एखादी छटा मिसळली तरी लगेच लोकर टाकायला नको. तेवढा भाग विणताना कापून पुढे जाता येतं.

दोन्ही धागे शेडेड घेतले तर? होतं, आणि जमलं तर फार देखणं होतं. पण दोघांच्या छटा जिथे जवळ येतील तिथे थांबून एक धागा कापायचा, काही मीटर सोडून पुन्हा जोडायचा, ही राखण सतत करावी लागते. पहिल्या टोपीला नको.

लोकर घरी आणली की शेडेडचा गुंडा एकदा पूर्ण उलगडून पुन्हा गुंडाळून घ्या. कंटाळवाणं आहे, पण त्यात दोन कामं होतात. रंगांचा क्रम कळतो, म्हणून सुरुवात कुठल्या रंगाने करायची ते ठरवता येतं. आणि कारखान्यातल्या गाठी सापडतात. गाठीच्या पलीकडे क्रम तुटून रंग एकदम उडी मारतो, कधीकधी क्रमच उलटा सुरू होतो. तिथे कापून, रंग जुळेल अशा जागी जोडून घ्यावं.

सामान

मध्यम जाडीची लोकर, साधी 50 ग्रॅम आणि शेडेड 50 ग्रॅम. शेडेड थोडी उरेल, ती गोंड्याला. दोन्ही धागे सारख्याच जाडीचे हवेत. खरी लोकर मिळाली तर तीच घ्या. तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात, मागचे धागे सरकत नाहीत आणि धुतल्यावर टाके आपोआप सारखे बसतात. ॲक्रिलिकने टोपी होते, स्वस्तही पडते, पण विणतानाची वरखाली ताण धुऊन जात नाही, तेव्हा हात सुरुवातीपासून सांभाळावा लागतो.

सुया 8 नंबर (4 मिलिमीटर) आणि बॉर्डरला 10 नंबर (3.25 मिलिमीटर), दोन्ही वायरवाल्या गोल सुया. वायर 80 सेंटिमीटरची घेतली तर शेंड्याला टाके कमी झाल्यावर मधून वायरचा फास बाहेर ओढून त्याच सुईवर काम पूर्ण होतं, दोन्ही टोकं असलेल्या सुयांचा वेगळा संच लागत नाही. 40 सेंटिमीटरच्या सुईवर हात भराभर चालतो, पण शेंड्याला ती अडते. आपल्याकडच्या दमट हवेत हाताला घाम येतो, त्यामुळे धातूच्या सुयांपेक्षा लाकडी किंवा बांबूच्या बऱ्या. लोकलमध्ये विणणार असाल तर गोल सुईच हवी, शेजारणीच्या कोपराला टोक लागत नाही आणि ठाणे आलं की टाके सुईवर ठेवून चटकन पिशवीत टाकता येतं.

एक जाड शिवणाची सुई, फेरीची खूण करायला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची कडी, कापडी टेप. मार्कर विकत घेतले तरी चालतात, दोरा पुरतो.

नमुना आणि माप

प्रौढ डोक्याचा घेर बहुधा 54 ते 57 सेंटिमीटर असतो. टोपी त्याहून चार-पाच सेंटिमीटर लहान विणायची, म्हणजे ती धरून बसते. आपलं लक्ष्य 51 सेंटिमीटर.

माझा हिशेब 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके आणि 24 फेऱ्या असा आहे, 8 नंबरच्या सुईवर, दोन धाग्यांच्या विणीत. त्यावरून 112 टाके. तुमचा हात घट्ट असून 24 टाके येत असतील तर याच 112 टाक्यांची टोपी 47 सेंटिमीटरचीच होईल आणि पोराच्या डोक्यावर जाईल. 20 टाके येत असतील तर 56 ची होऊन डोळ्यांवर उतरेल. म्हणून आधी नमुना, म्हणजे टाके मोजायला विणलेला छोटा तुकडा. टाके बदलण्यापेक्षा सुई बदला: घट्ट येत असेल तर 7 नंबर, सैल येत असेल तर 9.

नमुना साध्या एकरंगी विणीचा नको, दोन धाग्यांची वीण वेगळी बसते. उलटसुलट ओळींचाही नको, कारण टोपी गोल विणताना सगळे टाके सुलटच येतात आणि उलट ओळीचा हात बहुतेकींचा सैल असतो. युक्ती अशी: गोल सुईवर 32 टाके घाला, एक ओळ सुलट विणा, काम न वळवता टाके वायरवरून पुन्हा उजव्या टोकाला सरकवा, दोन्ही धागे मागून सैल आणा आणि पुन्हा सुलट ओळ घ्या. मागे लांब झोळ पडतात, पडू द्या. मधल्या भागात 10 सेंटिमीटर मोजा.

बॉर्डर

10 नंबरच्या सुईवर साध्या रंगाने 104 टाके घाला. टाके घालताना हात सैल, नाहीतर कपाळावर वळ उठतो. सगळे टाके एकाच दिशेला आहेत, कुठे पीळ पडलेला नाही, हे बघूनच गोल जोडा. पीळ राहिला तर तो नंतर सुटत नाही. दोरखूण अडकवा. 2 सुलट, 2 उलट असं 5 सेंटिमीटर.

मग 8 नंबरची सुई घ्या आणि एक फेरी सुलट विणताना दर 13 टाक्यांनंतर एक टाका वाढवा. आठ वाढून 112 होतील. मोजून खात्री करा.

नक्षी

ही शंकरपाळ्यांची नक्षी, एकाआड एक बसवलेली. आठ टाक्यांची आहे, म्हणजे फेरीत चौदा वेळा येते. 'सा' म्हणजे साधा, 'शे' म्हणजे शेडेड. चौकटीच्या वहीत रंगवून समोर ठेवलीत तर वाचण्यापेक्षा सोपं जातं.

फेरी 1 : 1 शे, 3 सा, 1 शे, 3 सा
फेरी 2 : 3 सा, 3 शे, 2 सा
फेरी 3 : 2 सा, 5 शे, 1 सा
फेरी 4 : फेरी 2 प्रमाणे
फेरी 5 : फेरी 1 प्रमाणे
फेरी 6 : 2 शे, 5 सा, 1 शे
फेरी 7 : 3 शे, 3 सा, 2 शे
फेरी 8 : फेरी 6 प्रमाणे

आठ फेऱ्या दोनदा, मग 1 ते 5 एकदा. एकूण 21. त्याआधीची वाढीची साधी फेरी धरून भाग साधारण 9 सेंटिमीटर उंच होतो. सगळे टाके सुलट. प्रत्येक आठ टाक्यांनी खालच्या फेरीशी नक्षी जुळते का बघत जा. चूक त्याच फेरीत दिसली तर उलगडणं दोन मिनिटांचं असतं.

गोल विणताना फेऱ्या खरं तर जिन्यासारख्या चढत जातात, त्यामुळे जिथे फेरी सुरू होते तिथे नक्षी एका टाक्याने सरकलेली दिसते. ती बाजू टोपीची मागची बाजू समजा.

मागचे धागे

दुरंगी विणीत टोपी बिघडते ती बहुतेक वेळा मागून. मागून जाणारा धागा आखडला की पुढची वीण सुरकुतते आणि टोपी डोक्यात जात नाही. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवर नुकतेच विणलेले टाके बोटांनी पसरवून घ्या, मगच नव्या धाग्याचा टाका घ्या. धागा पसरलेल्या टाक्यांच्या मागे आरामात टेकला पाहिजे: ताणलेला नको, लोंबता नको. बॉर्डरच्या एक-दोन फेऱ्यांनंतर नाही, तर नक्षीच्या चार फेऱ्या झाल्यावर थांबून टोपी आडवी ओढून बघा. डोक्यात सहज जाईल इतकी ताणली जायला हवी.

हात सवयीनेच घट्ट असेल तर कामाची आतली बाजू बाहेर करा, म्हणजे मागचे धागे गोलाच्या बाहेरून जातील, आणि पलीकडच्या कडेवर विणा. बाहेरचा घेर किंचित मोठा असल्याने धागा आपोआप थोडा जास्त घेतला जातो. पहिल्या दहा मिनिटांत विचित्र वाटतं, पुढे नाही.

या नक्षीत कुठलाही धागा पाच टाक्यांहून जास्त लांब मागून जात नाही, म्हणून मध्ये अडकवावा लागत नाही. तुम्ही दुसरी नक्षी घेतलीत आणि सात-आठ टाक्यांची झेप आली तर मधोमध एकदा चालत्या धाग्याखाली गुंतवून घ्या, नाहीतर टोपी घालताना बोटं अडकतात. लागोपाठच्या फेऱ्यांत एकाच जागी गुंतवू नका, बाहेरून ठिपका दिसतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बघितल्याशिवाय पटत नाही. दोन धाग्यांपैकी जो मागच्या बाजूला नेहमी खालून येतो, त्याचे टाके किंचित मोठे बसतात आणि तो रंग पुढे येतो. म्हणून शेडेड सतत खालून, साधा सतत वरून. एक धागा डाव्या बोटावर आणि एक उजव्या बोटावर धरत असाल तर शेडेड डाव्या हातात ठेवा. मध्येच अदलाबदल झाली तर शंकरपाळ्यांची एक रांग बारीक दिसते, आणि कारण शोधून सापडत नाही. धागे खालून-वरून ठरलेले असले की एकमेकांना पीळही घालत नाहीत. एक गुंडा उजवीकडे, एक डावीकडे ठेवावा.

शेंडा

साधा धागा कापून टाका. शेंडा फक्त शेडेडने विणायचा. इथे नक्षी नाही, म्हणून कमी टाक्यांचं गणित सोपं, आणि रंगांची गंमत वेगळी. दोन धाग्यांच्या फेरीत शेडेड एक मीटर लागत होता. आता पूर्ण फेरी त्याचीच, म्हणून सुरुवातीला दीड मीटर लागतो आणि पट्टे अरुंद होतात. जसजसे टाके कमी होतात तसा पाच मीटरचा तोच रंग जास्त फेऱ्या पुरतो, आणि शेवटच्या आठ-नऊ फेऱ्या एकाच रंगात संपतात. टोपीच्या माथ्यावर कुठला रंग हवा ते इथेच ठरवा. नको असलेला येत असेल तर शेंडा सुरू करतानाच काही मीटर कापून पुढे जा.

112 टाक्यांचे आठ भाग, प्रत्येकी 14. पहिल्या फेरीत 12 सुलट, मग 2 टाक्यांचा 1, असं आठ वेळा. पुढची फेरी नुसती सुलट. तिसऱ्या फेरीत 11 सुलट, 2 टाक्यांचा 1. पुन्हा एक सुलट फेरी. असं एकाआड एक, प्रत्येक भागात 7 टाके उरेपर्यंत (एकूण 56). त्यानंतर मधली साधी फेरी सोडा आणि प्रत्येक फेरीत कमी करा: 5 सुलट, 2 चा 1, मग 4, 3, 2, 1. सुईवर 16 उरतील. शेवटची फेरी सगळीच 2 चा 1, राहतील 8. धागा हातभर ठेवून कापा, शिवणाच्या सुईने आठही टाक्यांतून दोनदा ओवून ओढा, आत पक्का करा.

मुलांसाठी

शाळकरी मुलाला 104 टाके (नक्षी तेरा वेळा, घेर 47 सेंटिमीटर), तीन वर्षांच्या आतल्याला 96 (बारा वेळा, साधारण 44). बॉर्डरला आठ टाके कमी घालायचे, म्हणजे 96 आणि 88, आणि वाढीच्या फेरीत अनुक्रमे दर 12 व दर 11 टाक्यांनी एक वाढवायचा. नक्षी 13 फेऱ्यांवर थांबवली तर लहान टोपीला उंची बेताची होते. शेंड्याचे आठ भाग 13 किंवा 12 टाक्यांचे, बाकी रीत तीच. अगदी लहान बाळाला दुरंगी टोपी मी विणत नाही. मागच्या धाग्यांत चिमुकली बोटं अडकतात, आणि त्यांच्या पंधरा दिवसांत वाढणाऱ्या डोक्याला ही वीण पुरेशी ताणतही नाही.

धुणं आणि ठेवणं

टोकं आतून त्याच रंगाच्या मागच्या धाग्यांत खोचा. खऱ्या लोकरीची टोपी कोमट पाण्यात, चमचाभर सौम्य साबण घालून पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका, चोळलं की आटते. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढा. मग डोक्याच्या आकाराच्या फुगवलेल्या फुग्यावर किंवा उपड्या पातेल्यावर चढवून पंख्याखाली सुकवा. बॉर्डर मात्र ताणू नका. आखडलेले-सैलावलेले टाके या एका धुण्यात शेजारच्यांशी जुळवून घेतात. गडद रंग पहिल्यांदा पाणी सोडू शकतो, मोतिया सोबत असेल तर दोन्ही धाग्यांचे तुकडे आधी भिजवून पांढऱ्या फडक्यावर तपासा. ॲक्रिलिकला इस्त्री कधीच नाही, वाफेने ती कायमची लुळी पडते.

जून ते सप्टेंबर शक्यतो धुऊ नका, आपल्याकडे पावसाळ्यात जाड वीण आतून ओली राहून कुबट वास धरते. गोंडा लावायचा तर धुऊन सुकल्यानंतर, आणि शिवून टाकण्याऐवजी बटणाने लावा, म्हणजे पुढच्या धुण्याला काढता येतो. कपाटात ठेवताना टोपी कोरडी ठणठणीत करून, झिपच्या पिशवीत, नव्या पर्स-चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. डांबरगोळ्या चालतात, पण प्रवासाआधी टोपी दोन दिवस गॅलरीत वाऱ्यावर टांगावी लागते, नाहीतर सगळी बॅग त्या वासाने भरते.